आजऱ्याला जाणारी गाडी

शाहूपुरी, कोल्हापूर
२८ सप्टेंबर

चि. आदूस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. संघातल्या साध्वी माताजींना माझं वंदामि सांग.

तुझं पत्र परवा मिळालं. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून तिथूनच ओरडतो, "ताई, बेळगावकडचं पत्र आलंय!" सगळ्या गल्लीला कळतं. तू फोन सोडलास तेव्हा मला वाटलं होतं, आता बहिणीबहिणींचं बोलणं संपलंच. झालं उलटंच. फोनवर आपण 'जेवलीस का, पाऊस आहे का' यापलीकडे कधी गेलो नव्हतो.

आईचे गुडघे तसेच आहेत. गडमुडशिंगीचं घर बंद करून माझ्याकडे राहायला ये म्हटलं, तर म्हणते, "तुझ्या जिन्याला लांबनंच नमस्कार." तुझा भाचा अनेकांत बंगळुरूहून दिवाळीला येईन म्हणतो. कॉलेजात गेल्यापासून त्याचं 'येईन' ऐकून मी काही ठरवत नाही. तुझ्या दाजींचं, श्रेयसचं, उद्यमनगरातलं काम बरं चाललंय. ओतकामासाठी लाकडी नमुने करणारे हात आता मिळत नाहीत, म्हणून त्याची कुरकुर तेवढी असते. मला नवरात्राची सुटी आहे. अंबाबाईच्या गर्दीमुळं गावात जायला नको वाटतं, म्हणून घरीच असते.

पत्राच्या शेवटी तू जे विचारलंस ते वाचलं. मार्गशीर्षात आर्यिका-दीक्षा, म्हणजे कायमची साध्वी. मोठ्या माताजींनी होकार दिला आहे, आता घरच्यांची अनुमती हवी. आणि आई तुला म्हणाली आहे, "प्रिया हो म्हणाली की माझं हो." म्हणजे सगळं माझ्यापाशी येऊन थांबलं. वाचलं मी, आदू. आज त्यावर लिहीत नाही. रागावू नकोस.

पण त्याच पत्राच्या मध्ये कुठंतरी तू एक ओळ लिहिली आहेस, 'तुझी गाडी कुठवर आली?' त्याचं उत्तर मला येतं. तेच लिहिते.

अनेकांत लहान असताना तू पुण्याहून त्याच्यासाठी इंजिन आणि दोन डबे आणले होतेस, तीच ही गाडी. तो आठवडाभर खेळला आणि विसरला. तू संघात गेलीस त्या पावसाळ्यात मी तो खोका माळ्यावरून काढला. श्रेयसनं दाराच्या फळीएवढं प्लायवूड आणून दिलं. वरच्या खोलीत, अण्णांच्या जुन्या टेबलावर ते ठेवलं आणि त्यावर आजरा करायला घेतला.

आजराच का, हे तुला सांगायला नको. कोल्हापूरला रूळ संपतात. फलाटाच्या टोकाला लोखंडी अडसर, त्यापुढं भिंत, भिंतीपलीकडं रिक्षावाले. अण्णा काजू आणि घनसाळ तांदूळ बघायला आजऱ्याला जायचे तेव्हा आपल्याला एसटीनं बरोबर न्यायचे, आणि तू प्रत्येक वळणावर ओकायचीस. एकदा तोंड पुसत पुसत तू त्यांना विचारलंस, "अण्णा, आजऱ्याला रेल्वे का जात न्हाय?" अण्णा म्हणाले, "येणार की! तू मोठी हो, तवर येतीया." ती आली नाही. म्हणून माझ्या टेबलावर आली आहे. गाडी आजरा स्टेशनातून सुटते, हिरण्यकेशीवरचा पूल ओलांडते, डोंगरातल्या बोगद्यात शिरते आणि दुसऱ्या बाजूनं निघून परत आजऱ्याला येते. कोल्हापूर यात नाहीच. ते बोगद्याच्या आत कुठंतरी आहे असं धरायचं.

मोठं काम केव्हाच झालं. रूळ बसले, डोंगर उभा राहिला, कौलं चढली. आता उरलंय ते बारीकसारीक. श्रेयस म्हणतो, "तुझं बारीकसारीक म्हणजे लग्नानंतरचं मांडव आवरणं. संपतच न्हाय की." खरं आहे. पण मला हेच दिवस आवडतात. रूळ टाकताना मोजावं लागतं, डोकं लावावं लागतं. आता नुसतं बघत बसायचं. काय कमी आहे ते आपोआप कळतं.

आजऱ्याची माती लाल. मोबाइलवर हा छंद असलेल्यांचा आमचा एक गट आहे. तिथं सांगतात, खरी माती आणा, तव्यावर भाजा, म्हणजे आतले किडे मरतील. मी ते वाचून मोबाइल पालथा घातला. मग श्रेयसनं एक जुनी वीट आणली. ती खलबत्त्यात कुटली, आईच्या जुन्या पातळातून गाळली, आणि तीच माझी माती. झाडांच्या बुंध्याशी वाळवलेला चहाचा चोथा. काजूची झाडं तांब्याच्या तारा पिळून केली, त्यावर रंगवलेला लाकडाचा भुसा लावला, आणि बोंडं म्हणून सुईच्या टोकानं पिवळे-लाल ठिपके दिले. कुणाला दिसणार नाहीत. मला दिसतात.

रुळांमधली खडी पक्की करायची रीत मजेशीर आहे. डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीतून पातळ केलेला फेविकॉल थेंबाथेंबानं सोडायचा. तो दुधासारखा पांढरा पसरतो. घाबरायला होतं, सगळं नासलं असं वाटतं. दुसऱ्या दिवशी बघावं तर पांढरं काही नाही, आणि खडी जागची हलत नाही.

दुपारी जेवून वर जाते. खिडकी अर्धी लावते. खाली गुळाच्या गाड्या येतात-जातात, हमालांचं एकमेकांवर ओरडणं चालतं, आणि हळूहळू ते सगळं लांब जातं. मग स्टेशनातली खरी गाडी भोंगा देते आणि मला वाटतं, माझीच सुटली. टेबलावर हनुवटी टेकवून डोळे रुळांच्या पातळीला आणले की खोली नाहीशी होते. डोंगर डोंगराएवढा होतो. काजूच्या सावलीत शिरता येईल असं वाटतं. बोगद्यातून थोडा गार वारा येतो. येत नाही, मला माहीत आहे, पण येतो.

आता माणसं करते आहे. पाकीट मागवलं तर सगळे साहेबच निघाले. डोक्याला हॅट, अंगात ओव्हरकोट, हातात छत्री. आजऱ्याच्या फलाटावर हे कोण पावणं उतरले? मग एकेकाला रंगवायला घेतलं. हॅटची कड तासून गांधी टोपी केली. ओव्हरकोटवालीला हिरवं लुगडं नेसवलं. छत्र्या तशाच ठेवल्या, आजऱ्यात लागतातच. हातात बॅग असलेला एक होता, त्याचे अण्णा केले. बॅग खाकी रंगवली, आता ती काजूच्या नमुन्यांची पिशवी वाटते.

आणि एक तू. पुण्याच्या पहिल्या नोकरीला निघालीस तेव्हा घातला होतास तो निळा पंजाबी ड्रेस, पांढरी ओढणी. तुला पहिल्या डब्यात, खिडकीजवळ बसवणार आहे. आत्ता तू माझ्यासमोर बाटलीच्या झाकणावर उभी आहेस. रंग ओला आहे, हात लावता येत नाही.

ऊन असेल तिथं डोक्यावर पदर घेत जा.

तुझी,
आक्का


कोल्हापूर
२६ ऑक्टोबर

चि. आदू,

आशीर्वाद. दिवाळी झाली. महावीरांचा निर्वाणलाडू चढवायला पहाटे देवळात गेलो तेव्हा बायकांनी तुझी चौकशी केली. "आदितीदीदी कशा आहेत?" आपल्या आदूला दीदी म्हणायला लागले सगळे. मी 'बऱ्या आहेत' म्हणाले आणि माझं मलाच हसू आलं.

तुझं पत्र मिळालं. किती लहान लिहितेस आता! 'आक्का, रंग वाळेपर्यंत थांबते.' एवढंच, आणि खाली जय जिनेंद्र. मी हसले, आणि मग ती दुपार तशीच गेली.

रंग वाळला, आदू. पण तू बसत नाहीस.

झालं असं. ही माणसं उभी असतात. डब्यातल्या बाकावर ठेवायला गेलं की डोकं छताला लागतं आणि छत बसत नाही. मी गटात विचारलं. इचलकरंजीचे हंबीरराव आहेत, आयुष्य मागावर काढलं आणि आता घरभर रूळ टाकलेत. त्यांनी लगेच बोलून पाठवलं, "ताई, सोपं हाय की! गुडघ्यातनं कापायचं आणि चिकटवायचं. भाईरनं कुणाला दिसतंय? आमच्या डब्यात समदी लंगडीच बसल्यात." त्यावर सगळ्यांनी हसणारे चेहरे टाकले. सगळे तसंच करतात म्हणे.

मी ब्लेड घेतलं. तुला चिमट्यात धरलं. आणि हात तिथंच थांबला.

तुला ती बिस्किटं आठवतात? अण्णांनी एकदा चुकून प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं आणली होती, हत्ती, ससे, कोंबडे. आईनं पुडा बघितला आणि उचलून फडताळावर ठेवला. "पिठाचा असला तरी कोंबडा हाय न्हवं? कोंबडा म्हणून चावायचा, मग पाप कुणाचं?" आपण दोघी रडलो. मग कधीतरी तू स्टुलावर चढून एक हत्ती काढलास आणि दाराआड बसून चाटत राहिलीस. चावला नाहीस. चाटून चाटून त्याची सोंड गेली, कान गेले, आणि आईनं पकडलं तेव्हा तू म्हणालीस, "मी न्हाय मारला, त्यो आपोआप विरघळला." आई रागावायची सोडून पदर तोंडाला लावून हसत बसली होती.

मी भूगोल शिकवते, प्लास्टिकला जीव नसतो हे मला कळतं. पण मी तिला तुझा ड्रेस घातला होता. आदू म्हणून रंगवली होती. मग गुडघे कुणाचे कापायचे?

श्रेयस आला तेव्हा मी ब्लेड बाजूला ठेवून तशीच बसले होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पाय कापायचे न्हाईत ना? मग डब्याचा तळ कापू की. डब्याला कुठं पाप लागतंय." दोन दिवस त्यानं कारखान्यातल्या बारीक कानशीनं बाक घासला, खालचा तळ काढला, चाकांच्या वर तू मावशील एवढी जागा केली. आता तू आत उभी असतेस आणि खिडकीतून फक्त चेहरा आणि खांदे दिसतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बसली आहेस.

डबा तयार झाला त्या दुपारी मी गाडी सोडली. डब्यात तांदळाएवढा दिवा आहे, तो लावला. तू स्टेशनातून निघालीस, पुलावर गेलीस, खाली रेझिनच्या पाण्यात तुझी पिवळी खिडकी हलली. मग बोगदा. तू आत गेलीस की मी श्वास धरून ठेवायची, आणि पलीकडून दिसलीस की सोडायची. किती वेळ गेला कळलं नाही. चहा निवला. खाली बेल वाजली असावी, ती कुठल्यातरी दुसऱ्या गावात वाजल्यासारखी ऐकू आली. मला वाटत होतं, असंच चालावं. तू जावंस आणि यावंस. मी कधी इतकी सुखात नव्हते, आदू.

भाऊबीज झाल्यावर आईला घेऊन आले. ती हटून बसली, "गाडी बघणार." जिन्याला शिव्या देत, एकेक पायरी बसत वर आली. खुर्चीत टेकली, चष्मा लावला. फलाटावर बघून म्हणाली, "हे तुझं अण्णा व्हय गं? पिशवी बघ की, अगदी तश्शीच. जरा वाकून धरायचे." मग काजूला बोंडं आहेत हे तिला लगेच दिसलं. मी काही सांगायच्या आत. मग गाडी सोडली.

"आणि ही आत कोण? आपली आदू?"

"हो."

तिनं मान वळवत वळवत गाडी बघितली. एक फेरी, दुसरी, तिसरी. मला वाटलं, आता कौतुक करेल.

"अगं पण ही उतरणार कवा?"

"उतरत नाही आई. आत चिकटवलीय."

"म्हंजे नुसतीच फिरायलीया?" आईनं चष्मा काढला. "स्टेशन आलं, गेलं, आलं, गेलं. एसटीत लेकराला कसं व्हायचं, इसरलीस व्हय? घेरी येईल की तिला. उतरीव."

मी म्हणाले, "आई, खेळणं आहे ते."

"खेळणंच हाय तर तुझं तोंड का असं झालंय?"

गाडी फिरत होती. मग मीच विचारलं, इतके दिवस मनात होतं ते. "तू सगळं माझ्यावर का टाकलंस? आई तू आहेस. अनुमती तू द्यायची."

ती खिडकीकडं बघत बसली. आई इतकी म्हातारी झालेली मी आधी बघितली नव्हती. म्हणाली, "माझ्या तोंडातनं हो येत न्हाय गं. आणि न्हाय म्हणायला तिनं काय वंगाळ केलंय? म्हणून तुझ्याकडं ढकललं. तू शिकल्याली हाईस, तुला जमंल असं वाटलं."

"मलाही जमत नाही."

"मग दोघी बसू अशाच," आई म्हणाली. "तिला फिरवत."

मी बटण बंद केलं. तू तेव्हा बोगद्यात होतीस. गाडी आतच थांबली. आईला खाली नेलं, दिवस मावळायच्या आत तिचं जेवण उरकलं, श्रेयस तिला गडमुडशिंगीला सोडून आला. त्यानंतर मी वर गेलेली नाही.

तुला उत्तर हवं आहे आणि मी तुला हे सगळं लिहिते आहे. थोडं आणखी थांब.

तुझी,
आक्का


कोल्हापूर
९ नोव्हेंबर

आदू,

आशीर्वाद. आज मनात आहे ते आधी लिहिते, खुशाली नंतर.

तुला वाटत असेल, मी धर्माच्या आड येते आहे. तसं नाही. मी अष्टमी-चतुर्दशीचे उपवास तुझ्याइतके कडक करत नाही, पण तू जे करायला निघाली आहेस ते मोठं आहे, हे मला कळतं. मला भीती होती ती अगदी घरगुती आहे. तुझं नाव बदलेल. तू कुठल्याही वाहनात बसणार नाहीस, आयुष्यात परत कधीच. जिथं जाशील तिथं चालत. विहारात संघ गडमुडशिंगीला आला तरी तू आपल्या घरी उतरणार नाहीस. आहाराला आलीस तर बसून ओंजळीतच घेशील, आणि वाढणाऱ्या बायकांमधली मी एक असेन. तुझं पोट दुखलं तर मला कळणार नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या देखत केशलोच, डोक्यावरचे केस हातानं उपटून काढायचे, आणि मी समोर बसून ते बघायचं.

आणि एक आहे, ते श्रेयसलाही माहीत नाही. माझ्या आजऱ्याच्या स्टेशनामागं एक कौलारू घर आहे. त्याला पुढं दोन दारं ठेवली आहेत. एक तुझं, एक माझं. म्हातारपणी आपण दोघी तिथं राहायचं, दुपारी मधल्या पडवीत बसायचं, घनसाळचा भात करायचा, गाडी आली की बघायची, असं मी ठरवलं होतं. तुला न विचारता. ते घर मी इतकं मन लावून केलं की आजऱ्यात ते खरोखर आहे असं मला वाटायला लागलं. कधी कधी शाळेत तास चालू असताना आठवायचं, पडवीतलं वाळवण काढायचं राहिलं.

गेल्या आठवड्यात वर गेले. हातानं गाडी बोगद्यातून ओढून घेतली. डब्याचं छत काढलं. तुला चिमट्यानं हलवलं तर येईना, चांगलं चिकटवलं होतं मी. पाण्याचा थेंब सोडून वाट बघत बसले, मग हळूच उचललं. तळव्यांचा थोडा रंग डब्यात राहिला. तो तसाच राहू दिला आहे.

मग तुला कुठं ठेवू ते सुचेना. फलाटावरच्या बाकाजवळ ठेवलं, तर कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी दिसायला लागलीस. अण्णांच्या शेजारी ठेवलं, तर हट्ट करतेस असं वाटलं. घराच्या दारात ठेवलं. तिथं तू छान दिसलीस, आणि म्हणूनच पटकन उचललं. शेवटी स्टेशनाबाहेर जो लाल मातीचा रस्ता जातो त्यावर उभी केली. तो टेबलाच्या कडेपर्यंत जातो आणि तिथं संपतो. पुढं काही नाही, नुसती खोलीतली हवा आणि खिडकीतलं ऊन. तुझं तोंड तिकडं आहे. मला पाठ दिसते. ड्रेस निळाच राहू दिला. त्याला पांढरा रंग देणारी मी कोण?

गाडी सोडून बघितली. रिकामा डबा पुलावर गेला. मला वाटलं होतं, भकास वाटेल. तसं काही झालं नाही. गाडी गाडीसारखी गेली. तू रस्त्यावर होतीस. खूप दिवसांनी मला त्या टेबलावर झोप लागली, हात उशाला घेऊन. उठले तेव्हा गालाला विटेची पूड लागली होती.

परवा आईला घेऊन कापडाच्या दुकानात गेले. म्हटलं, बघू तरी कसं मिळतं. पांढरं सुती, सोळा हात, काठ नको, काहीच नको. दुकानदारानं ताग्याला हात घातला आणि आवाज खाली आणून विचारलं, "मावशी, कोण गेलं का घरात?"

आई म्हणाली, "गेलं न्हाय. निघालंय."

त्याला कळेना. मग तिनं सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "धाकटी लेक दीक्षा घ्यायलीया माझी." शेजारी शालू बघत बसलेल्या बायका वळून बघायला लागल्या. त्यातल्या एकीनं हात जोडले. दुकानदारानं कापड मोजलं, परत मोजलं, आणि हातभर जास्तच फाडलं. "चालताना आखूड पडाय नको," म्हणाला. कापड फाटताना होतो तो लांब आवाज ऐकून आईनं माझं मनगट धरलं. पण डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "तू तिला हो लिहिलंस?"

"अजून नाही."

"मग साडी कशी घेतलीस?"

मी मांडीवरच्या पिशवीकडं बघितलं. "घेतली खरी."

"मग लिही आता," आई म्हणाली. "माझंबी हो लिही. येगळं लिही, तुझ्याबरोबर गुंडाळू नगंस. 'आई हो म्हणाली' असं लिही."

आई हो म्हणाली, आदू.

आणि मीही हो म्हणते. माझी अनुमती आहे. तिथं सभेत विचारतील तेव्हा मी उभी राहीन आणि मोठ्यानं सांगेन, श्रेयसनं कोपर मारायची वाट बघणार नाही. रडू आलं तर येऊ दे, पण आधी बोलेन आणि मग रडेन.

साडी धुऊन, खळ काढून ठेवली आहे, म्हणजे अंगाला बोचणार नाही. गच्चीवर वाळत घातली होती तर दोरीच पुरेना, अर्धी कठड्यावर टाकली. खालून शेजारीण विचारते, "वैनी, एवढी लांब कुणाची?" मी म्हटलं, माझ्या बहिणीची.

आम्ही आदल्या दिवशी पोचतो. आईला गुडघ्यांचं विचारू नकोस, तिनं जिना चढायचा सराव सुरू केला आहे. खरंच. आमच्याच जिन्यावर.

दीक्षा झाली की मी तुला हात जोडून वंदामि म्हणायचं, हे मनात घोकते आहे. अजून जीभ वळत नाही, पण वळेल. आजच्या दिवस मात्र थोरली मीच. इथूनच तुझ्या केसांवरून हात फिरवते. आहेत तोवर.

तुझी,
आक्का